मूळ संख्येचा हिवाळा

दिल्लीत नोव्हेंबर लागला की सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. सकाळचे नऊ वाजून गेले तरी तो धुरामागचा पिवळट ठिपका असतो, डोळे दिपवण्याची ताकद गेलेला. माणसं एकमेकांना ‘कसे आहात’ विचारायच्या आधी ‘आज हवा किती’ विचारतात आणि आकडा ऐकून मान हलवतात. शाळा बंद होतात, खिडक्या बंद होतात, बंद खोल्यांतून हवा गाळणारी यंत्रं घरघरत राहतात. या दिवसांना सगळे शिव्या देतात. मीही देते. पण या खोकऱ्या, धुरकट ऋतूसाठी माझ्या मनात एक जागा राखून ठेवलेली आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका हिवाळ्यात माझ्या आईने मयूर विहारच्या तिसऱ्या मजल्यावर बसून, कागद आणि पेन्सिल घेऊन, हाताने सिद्ध केलं की दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही तिला भाग जात नाही.

जगाला हे फार आधीपासून ठाऊक होतं, हे मला माहीत आहे. कॉम्प्युटर हे डोळ्याची पापणी लवायच्या आत सांगतो, हेही माहीत आहे. आणि ‘याचा उपयोग काय’ हा प्रश्न तर मी इतक्यांदा ऐकला आहे, की आता मी उत्तर देत नाही. नुसती बघत राहते.

त्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी आईला झटका आला. डोक्यातली एक बारीकशी रक्तवाहिनी बंद पडली. हॉस्पिटलमध्ये वेळेवर पोचलो, म्हणून जीव वाचला, चालणं वाचलं. उजवा हात जड झाला, पण तोही हळूहळू वळायला लागला. जे गेलं ते चमत्कारिक होतं. आईचे आकडे गेले.

माझी आई, सुमती पेडणेकर, सबंध आयुष्य पूर्व दिल्लीतल्या एका शाळेत गणित शिकवत होती. सकाळी हिंदीतून, दुपारी इंग्रजीतून, आणि घरी आम्हा भावंडांना मराठीतून. तीन भाषांतले पाढे तिच्या तोंडात होते. झटक्यानंतर ती पंचवीस म्हणायला जायची आणि तोंडातून बावन्न निघायचं. अंक तेच, जागा उलट्या. भाजीवाल्याला ती ठामपणे चुकीचं सांगायची, आणि तो बिचारा माझ्याकडे बघायचा.

डिस्चार्जच्या आधी एक तरुण डॉक्टरबाई आल्या. गोड होत्या. म्हणाल्या, “आंटी, सौ में से सात घटाते जाइए.”

“तिरानवे,” आई म्हणाली. “छियासी.” मग थांबली. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की पुढचं उत्तर तिच्यासमोर अगदी स्वच्छ उभं आहे. ओठ हलले आणि आवाज आला, “सत्तानवे.”

त्र्याण्णव, शहाऐंशी बरोबर आले, पण एकोणऐंशीचे सत्त्याण्णव झाले होते. ते तिलाही ऐकू आलं. ती पुन्हा म्हणाली, “सत्तानवे.”

“कोई बात नहीं, आंटी,” डॉक्टरबाईंनी तिच्या हातावर थोपटलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

घरी येताना टॅक्सी यमुनेच्या पुलावर आली. खाली नदीही दिसत नव्हती, नुसता धूर. तेव्हा आई एकदम म्हणाली, “कोई बात नहीं म्हणाली ती. बात कशी नाही?”

मी दिल्लीच्याच दुसऱ्या टोकाला, द्वारकेला राहते. नोकरीतून रजा काढली, उरलेलं काम घरून करायची परवानगी घेतली आणि आईकडे राहायला आले. माझा भाऊ, श्रीरंगदादा, गुडगावला असतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, उंच टॉवरमध्ये घर आहे, आणि आईवर त्याचा जीव आहे. हे आधीच सांगते, कारण पुढे तो वाईट वाटेल आणि तो वाईट नाही. घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते त्याला सुचलं. आईला गुडगावला न्यायचं. तिच्यासाठी खोली तयार करायची. मयूर विहारचा फ्लॅट विकून टाकायचा. खालच्याच मजल्यावरचं एक कुटुंब घ्यायला तयार होतं.

“आई, एकटी कशी राहणार तू? अनूला किती दिवस रजा मिळणार?” तो म्हणाला. “आणि परवा तू गॅस चालू ठेवून बाल्कनीत जाऊन बसलीस. बसलीस की नाही?”

“बसले,” आई म्हणाली.

“मग? अच्छा, मला सांग, यात मी काय चुकीचं बोलतोय?”

खरोखरच तो काही चुकीचं बोलत नव्हता. सगळ्यांचं सगळं बरोबर होतं, आणि त्या बरोबर बोलणाऱ्या माणसांच्या मधोमध माझी आई दिवसेंदिवस लहान होत चालली होती. चेकबुक दादाकडे गेलं, किल्ल्या माझ्याकडे आल्या. शेजारपाजारचे लोक तिच्यासमोरच मला विचारायचे, “आंटी ठीक हैं अब?” जणू ती तिथे नाहीच.

दादाने तिच्या फोनमध्ये मेंदूच्या व्यायामाचा एक खेळ घालून दिला. आठ अधिक पाच किती, असं विचारायचा. उत्तर बरोबर आलं की रंगीत फुगे उडायचे. चुकलं तरी फुगे उडायचे, फक्त थोडे कमी, आणि ‘छान प्रयत्न!’ असं झळकायचं. आईने तो खेळ दोन दिवस खेळला. तिसऱ्या दिवशी फोन माझ्या हातात देत म्हणाली, “हे काढून टाक. मला शाबासकी नको आहे, अनू. चुकलं तर चुकलं म्हणणारं काहीतरी हवंय मला.”

मग ती उठली आणि कपाटातून तिचं एम.एस्सी.चं जुनं पुस्तक काढून घेऊन आली.

ही संख्या तिची जुनी ओळखीची. दोनाला दोनाने गुणत जायचं, एकतीस दोन एकमेकांना गुणून झाले की जे येईल त्यातून एक वजा करायचा. येते ती ही संख्या. वर्षानुवर्षं ती नववीच्या वर्गात फळ्यावर ही संख्या लिहून सांगायची, मुलांनो, ही मूळ आहे. एकदा एका मुलीने विचारलं होतं, “मॅम, आपने चेक किया है?” वर्ग हसला. आईही हसली होती. पण तो प्रश्न तिच्या मनात राहून गेला होता, हे तिने मला त्या हिवाळ्यात सांगितलं.

चेक करायची एक रीत त्या पुस्तकात होती. इतकी सोपी, की मलासुद्धा कळली. चारापासून सुरू करायचं. चाराचा वर्ग करायचा, त्यातून दोन काढायचे. आले चौदा. चौदाचा वर्ग करायचा, दोन काढायचे, आले एकशे चौऱ्याण्णव. पुढे सदतीस हजार सहाशे चौतीस. असं वाढत वाढत उत्तर आपल्या मोठ्या संख्येच्याही पलीकडे गेलं, की त्या संख्येने भागायचं आणि फक्त बाकी ठेवायची. पुन्हा त्या बाकीचा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा भागाकार. अशा एकोणतीस पायऱ्या. एकोणतिसाव्या पायरीला बाकी शून्य आली तर संख्या मूळ. शून्य नाही आली, तर मूळ नाही. मधलं काही नाही.

“आणि मध्ये कुठेही एक अंक चुकला,” आई म्हणाली, “तर शेवटी शून्य येणार नाही. बस. ‘छान प्रयत्न’ म्हणणार नाही ते.” कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना बघितलं.

दादाला फोनवर सांगितलं, तेव्हा तो आधी गोंधळला, मग खूश झाला. “अरे, ही संख्या? ही तर आम्हाला रोज भेटते! कॉम्प्युटरच्या नेहमीच्या खान्यात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. हिच्यात एक मिळवला की सगळं उलटं होतं, ऋण होऊन बसतं.” आणि रविवारी आला तो लॅपटॉप उघडूनच. काहीतरी टाइप केलं, एक बटण दाबलं आणि पडदा आईकडे वळवला. “हे बघ. प्राइम. झालं?”

आईने पडद्याकडे बघितलं. “तुला कळलं,” ती म्हणाली. “मला कुठे कळलं?”

“यार आई, प्रूव्ह झालेली गोष्ट आहे ही!”

“माझ्याकडून नाही झालेली.”

चौथ्या पायरीपर्यंतच संख्या एकशे एकेचाळीस कोटींवर जाते. तिथून पुढे रोज दहा अंकी संख्येचा वर्ग, आणि मग लांबलचक भागाकार. आईने नियम ठरवला, रोज सकाळी एक पायरी. चहा झाला की ती बाल्कनीच्या दाराशी, काचेच्या आत, टेबल ओढून बसायची. मी तिला मोठ्या चौकटींचे कागद आणून दिले होते, कारण उजव्या हाताला अंक एकाखाली एक धरता येत नव्हते. एका चौकटीत एक अंक. पेन्सिल ती मुठीत धरल्यासारखी धरायची. मधूनमधून हात थांबायचा. मग ती डाव्या हाताने उजवा हात उचलून पुढच्या चौकटीवर ठेवायची आणि पुन्हा लिहायला लागायची. बाहेर धुक्यात कुणीतरी खोकत जायचं, खाली दूधवाल्याची मोटरसायकल सुरू व्हायची नाही, आणि काचेच्या आत हातचे धरत, पुटपुटत, माझी आई गुणाकार करत बसलेली.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच इनामदारकाकू वर आल्या. झुबेदा इनामदार म्हणजे आईची दिल्लीतली सगळ्यात जुनी मैत्रीण. मूळच्या सांगलीच्या. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमची दारं समोरासमोर होती. पुढे दोन्ही घरांनी एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. काकूंनी सगळी नोकरी एका मंत्रालयात भाषांतर करण्यात घालवली होती, आणि चुकीचा शब्द दिसला की त्यांच्या कपाळावर अजूनही आठी पडायची.

“काय चाललंय हे?” त्यांनी विचारलं. आईने सांगितलं. सांगताना तीन आकडे उलटे सांगितले.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. खुर्ची ओढली. “मला यातलं काही कळत नाही, सुमती. पण नवाचा ताळा मला येतो, शाळेत मार खाऊन शिकलेय. गुणाकार तू कर, ताळा मी करते.”

“रोज यावं लागेल.”

“मग? मला कुठं मंत्रालयात जायचंय?”

त्या दिवसापासून दोघी टेबलाच्या दोन बाजूंना. आई एक पायरी करायची आणि कागद सरकवायची. काकू अंकांची बेरीज करून ताळा बघायच्या आणि म्हणायच्या, “पुढे चल.” कधी म्हणायच्या, “जमत नाही गं, पुन्हा बघ,” आणि आई निमूट पुन्हा करायची. कुणी कुणाला धीर देत नव्हतं. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. आजारपणात आमच्या घरात सगळे हळू, गोड आवाजात बोलायला लागले होते. त्या टेबलावर मात्र साध्या आवाजात बोलणं चालायचं. “सात. ताळ्याला सात म्हटलं मी. सुमती, एक काढलायस तू!” “सात असं सांगतेस कुठे, नाकात बोलतेस!”

विसाव्या पायरीनंतर बाकी कशी येते याची आईने फार वाट बघितली होती. पुस्तकात पुढच्या पायऱ्यांची उत्तरं नव्हती, पण तिला उगाच वाटत होतं की आता कुठेतरी लहान संख्या येईल, जरा विसावा मिळेल. आली नाही. दहा अंकांमागून दहा अंक येत राहिले. डिसेंबर सरत आला, धुराची जागा दाट धुक्याने घेतली, आणि एका सकाळी एकोणतिसावी पायरी झाली. शेवटचा भागाकार आईने फार हळू केला. खाली बाकी उरली. नव्वद कोटींच्या वरची कसलीशी मोठी संख्या.

शून्य नाही.

काकूंनी ताळा केला. ताळा जमत होता. त्यांनी पुन्हा केला. मग चष्मा काढून पुसत बसल्या.

आईने पेन्सिल खाली ठेवली, आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

दादाला मी सांगायला नको होतं, पण त्याने विचारलं आणि मी सांगितलं. तो लगेच आला. आईजवळ बसला, तिचा हात हातात घेतला. “आई, बस आता. खूप केलंस. बिल्कुल वाईट वाटून घ्यायचं नाही. डॉक्टर म्हणालेच होते ना, काही गोष्टी परत येणार नाहीत. जानेवारीच्या शेवटी खालच्या लोकांना मी हो सांगतो. तू गुडगावला ये, बाल्कनीत ऊन येतं तिथे, मस्त बस.” आणि मग, मदत करावी म्हणून, “सांगू का कुठे चुकलं ते? कागद दे, एका मिनिटात सांगतो.”

आईने हात सोडवून घेतला. “हात लावायचा नाही कागदांना.”

“अगं, पण…”

“चूक माझी आहे, श्रीरंग. मी शोधीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर ती पुन्हा टेबलाशी बसलेली दिसली. काकू आल्या. या वेळी पद्धत बदलली. काकू एका कागदावरची बाकी एकेक अंक करून वाचायच्या आणि आई पुढच्या कागदावर, जिथे ती संख्या नव्याने उतरवून घेतलेली असे, तिथे बोट ठेवून बघायची. शब्द नाहीत, नुसते अंक. एक, एक, नऊ, शून्य, शून्य, सात, पाच…

“थांब,” आई म्हणाली.

बाराव्या पायरीची बाकी होती एकशे एकोणीस कोटी पंच्याहत्तर हजार दोनशे सत्तर. पुढच्या कागदावर उतरवताना आईने लिहिलं होतं बहात्तर हजार पाचशे सत्तर. पाच आणि दोन यांच्या जागा बदलल्या होत्या. अंक तेच, म्हणून बेरीज तीच, म्हणून नवाच्या ताळ्याला काही दिसलं नव्हतं. तिथून पुढचा प्रत्येक गुणाकार बरोबर होता. एका चुकीच्या संख्येचा बरोबर गुणाकार, आठवडेच्या आठवडे.

मला रडू आलं. हीच ती. हीच जागा झटक्याने मोडून ठेवली होती. पंचवीसचे बावन्न, एकोणऐंशीचे सत्त्याण्णव. तिच्या आजाराने नेमका तिथेच हात घातला होता.

आई मात्र त्या कागदाकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. शाळेच्या वह्या तपासताना एखाद्या मुलाची चूक नेमकी कुठून सुरू होते हे सापडलं, की तिचा चेहरा असा व्हायचा. “म्हणजे गुणाकार चुकत नाही माझा,” ती म्हणाली. “वजाबाकी चुकत नाही. भागाकार चुकत नाही. फक्त उतरवताना शेजारचे दोन अंक जागा बदलतात.” ती काकूंकडे वळली. “झुबेदा, नवाचा ताळा पुरणार नाही. अकराचा करायचा. एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या आणि फरक बघायचा. शेजारच्यांनी जागा बदलली की त्याला लगेच कळतं.”

“शिकव,” काकू म्हणाल्या. “पण पुन्हा पहिल्यापासून करणार आहेस का तू हे सगळं?”

“बारापासून पुढे. पहिल्या बारांवर तू अकराचा ताळा फिरव, तोवर मी पुढे निघते.”

त्या जानेवारीत दिल्लीत सूर्य जवळजवळ निघालाच नाही. स्वेटरवर शाल, शालीवर आणखी एक शाल, पायाशी हीटर, तळहातांत धरून गरम केलेली पेन्सिल. खालून कुणी शेंगदाण्याची चिक्की आणून द्यायचं, कुणी गाजराचा हलवा. ‘आंटी क्या लिखती रहती हैं?’ असं विचारायचं. काकू उत्तर द्यायच्या, “हिसाब कर रही हैं.” कसला, ते सांगायच्या नाहीत. या वेळी बाविसाव्या पायरीला खरोखरच लहान संख्या आली, फक्त दोन कोटी बहात्तर लाखांची. आई इतकी खूश झाली, की तिने त्या दिवशी दोन पायऱ्या केल्या.

मी तिला एकदा विचारलं. “आई, पुन्हा शून्य नाही आलं तर?”

“तर पुन्हा शोधीन.”

“आणि श्रीरंगदादाने तोवर हो सांगितलं तर?”

“हे घर माझ्या नावावर आहे,” ती म्हणाली, आणि यात आकडा नसल्यामुळे तिच्या तोंडून अगदी स्पष्ट निघालं.

महिना संपायला आला होता. रविवारी दादा आला, खालच्या लोकांशी शेवटचं बोलायला जायच्या आधी आईला विचारायला म्हणून. आईने मान वरही केली नाही. “बस. अठ्ठाविसावी चाललीये.”

तो बसला. काकू बसल्या होत्या. मी दारात उभी. आई एकशे अठरा कोटींच्या एका संख्येचा वर्ग घेऊन बसली होती, कागदभर अंक पसरले होते, आणि ती वरून एकेक थर उतरवत भागाकार करत खाली येत होती. काकू जवळून बघत होत्या. खोलीत नुसता पेन्सिलीचा आवाज. मग आईने शेवटची वजाबाकी केली आणि बाकी लिहिली. पुढच्या चौकटी रिकाम्याच राहिल्या.

“एवढीच?” काकू म्हणाल्या. “काहीतरी गळलं का गं?”

बाकी आली होती पासष्ट हजार पाचशे छत्तीस.

दादा उठून उभा राहिला. “काय? काय आलं?” तो टेबलाशी आला, वाकला. “सिक्स्टी-फाइव्ह फाइव्ह थर्टी-सिक्स?” त्याचा आवाजच बदलला. ज्याने आयुष्य कॉम्प्युटरसमोर काढलंय त्याला ही संख्या झोपेतही ओळखू येते. दोनाला दोनाने गुणत गेलं की सोळाव्या ठिकाणी ही भेटते. “आई, हिचा वर्ग म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात. त्यातून दोन गेले की… आई! बरोब्बर दुप्पट! आपल्या संख्येची दुप्पट! म्हणजे…”

“बोलू नकोस,” आई म्हणाली. “मला करू दे.”

तिने केलं. सगळा गुणाकार, एकही पायरी न गाळता. चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव. दोन वजा. मग भागायला घेतलं. दोनदा भाग गेला. वजाबाकीत एकेका चौकटीत शून्य पडत गेलं, उजवीकडून डावीकडे, शेवटच्या चौकटीपर्यंत. काकूंनी सवयीने अकराचा ताळा करायला घेतला आणि मध्येच पेन खाली ठेवून हसायला लागल्या.

“कुणी दया म्हणून दिलेलं नाही हे,” आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज घट्ट होता. “आलंय.”

दादा बराच वेळ त्या कागदांची चळत उलटत राहिला. लॅपटॉपवर त्याला हे उत्तर केव्हाच मिळालं होतं. आता तो ते पहिल्यांदा बघत होता. शेवटी तो म्हणाला, आणि त्यात भांडण नव्हतं, भीतीच होती, “पण आई, हे जमलं म्हणजे गॅस बंद करायचा लक्षात राहील असं तर नाही ना?”

“नाही,” आई म्हणाली. “नाहीच राहणार. म्हणून गॅस काढून टाकतेय. झुबेदाच्या भाच्याला सांगितलंय, इंडक्शनची शेगडी लावून देईल, भांडं उचललं की आपोआप बंद होते. भाजीवाल्याला आकडा बोलून नाही सांगणार, लिहून दाखवणार. औषधांच्या डबीवर काकूची नजर आहे. माझं कुठे चुकतं ते मला आता माहीत आहे, श्रीरंग. तुमच्यातल्या किती जणांना आपापलं माहीत आहे?”

दादाने खालच्या लोकांना नाही सांगितलं. त्याच संध्याकाळी सांगितलं. चेकबुक पुढच्या आठवड्यात परत आलं. मी फेब्रुवारीत द्वारकेला परतले.

हे ऐकल्यावर कुणी ना कुणी मला हमखास म्हणतं, किती सुंदर, तुमची आई म्हणजेच एक मूळ संख्या. आईला हे अजिबात आवडत नाही. “संख्येला संख्या राहू द्या आणि मला मी,” ती म्हणते. मलाही तसंच वाटतं. ती संख्या आमच्यासाठी कशाचीही खूण नाही. ती तिच्या जागी होती, आई नसती तरी मूळच राहिली असती, आणि आई हरली असती तरी तिला काही वाटलं नसतं. तेच तर हवं होतं आईला. आजारी माणसाच्या भोवती सगळं जग मऊ करून ठेवलेलं असतं. त्या मऊपणात तिला एक कठीण वस्तू सापडली, जिच्यावर डोकं टेकलं तर डोकं आणि वस्तू दोन्ही खरी आहेत हे कळत होतं. उपयोग विचारणाऱ्यांनी उपयोग विचारत राहावं.

या वर्षीचा नोव्हेंबर आला आहे. कालच मेट्रोच्या ब्लू लाइनने मयूर विहारला जाऊन आले. आई चौऱ्याहत्तर वर्षांची झाली आणि वय विचारलं की अजूनही सत्तेचाळीस सांगते, मग स्वतःच हसते. इनामदारकाकूंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत आणि त्यांना आता फार स्पष्ट दिसतं, असं त्यांचं म्हणणं आहे. टेबल त्याच दाराशी आहे. कागद मात्र बदलले आहेत, दुप्पट रुंद झाले आहेत. आईने नवी संख्या घेतली आहे. एकसष्ट दोन एकमेकांना गुणायचे आणि एक वजा करायचा. एकोणीस अंकी संख्या. पायऱ्या एकोणसाठ, आणि एका पायरीला कधीकधी आठवडा लागतो.

मी मनातल्या मनात हिशेब केला. तिचं वय, तिचा हात, येणारे हिवाळे. मला राहवलं नाही. म्हटलं, “आई, खरं सांगू? ही पुरी व्हायची नाही गं.”

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आईने पेन्सिलीचं टोक तपासलं, डाव्या हाताने उजवा हात उचलून पुढच्या चौकटीवर ठेवला, आणि म्हणाली,

“सिद्ध कर.”